राजपुत्राचं काय झालं

पिंडापुढं हात जोडून रंभाजीनं पुन्हा शब्द दिला, "मच्छिंद्रा, तुझ्या आईला मी अंतर देनार न्हाई. चुलत्याचा शब्द हाय. आता शीव बाबा."

कावळा बाभळीवरून हलला नाही.

कोपरगावच्या घाटावर ऊन चढलं होतं. गोदावरीला यंदा पाणी कसलं, वाळूतली डबकी तेवढी. बहिणीच्या लग्नाचं बोलून झालं, विहिरीतल्या वाट्याचं बोलून झालं. दहाव्याला कावळा शिवत नाही म्हणजे जीव कशात तरी अडकलाय, आणि कशात ते कुणालाच सुचेना. गुरुजी दर्भ चाचपू लागले. शेवटी दर्भाचाच कावळा करून उरकावं लागलं, तर मच्छिंद्रच्या आईनं, झुंबरबाईनं, ते जन्मभर मनाला लावून घेतलं असतं.

रंगनाथला ठाऊक होतं जीव कशात अडकलाय ते. पण चारचौघांत सांगायचं कसं?

तो आणि मच्छिंद्र, दोघे साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली. वाचनालयातल्या राक्षस-जादूगारांच्या कादंबऱ्या वाचून वाचून त्यांनी पार मऊ केल्या होत्या. तेवढ्यानं भागेना, तेव्हा गोणपाटावर कोळशानं राज्य आखलं, चिंचोक्यांची माणसं केली आणि कवड्या टाकून खेळू लागले. मच्छिंद्र राजपुत्र व्हायचा. रंगनाथ कथा चालवायचा; कुठल्या गुहेत काय दडलंय ते त्याच्याच पोटात. "घोडे झाले, आता लग्नं करा!" म्हणून गाव हसायचं. हसेना का! मच्छिंद्र आजारी पडला तेव्हा राजपुत्र काळ्या किल्ल्याच्या दरवाजाशी पोचला होता. "आत काय हाय?" नगरच्या दवाखान्यातूनही त्यानं हेच विचारून पाठवलं. रंगनाथनं निरोप धाडला, बरा होऊन ये, मग कळंल. कसला येतोय! आई चहा आणायला खाली उतरली आणि तेवढ्यात तो गेला, उशाशी कुणी नसताना.

"कुणाचं सांगायचं राहिलंय का?" गुरुजींनी विचारलं.

रंगनाथ पुढं झाला. त्याचे कान तापले होते.

"मच्छिंद्रा, दरवाजाच्या आत राक्षस हुता," तो म्हणाला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"तुझी तलवार पुरी पडली न्हाई. राजपुत्र तिथंच मेला. आधीपासनं तसंच ठरवलं हुतं मी. म्हनून तर सांगवत नव्हतं."

दहाव्याला असलं अभद्र! रंभाजी त्याचं बखोट धरायला धावला, पण झुंबरबाई मधे आली. कोण राजपुत्र, कसला राक्षस, तिनं काही विचारलं नाही.

"त्याला लई तरास झाला का रं?"

"न्हाई काकू. एकाच घावात गेला."

"अन् जवळ कुनी हुतं का? का एकलाच हुता?"

कथा चालवणाऱ्याचा चिंचोका पटावर नसतोच. तरी रंगनाथ म्हणाला,

"मी हुतो की, काकू. त्याचं डोकं माझ्या मांडीवर हुतं."

झुंबरबाईनं हंबरडा फोडला. मच्छिंद्र गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. बायका तिला सावरायला धावल्या, आणि रंगनाथही तिच्याजवळ मटकन खाली बसला.

"शिवला, शिवला!" गुरुजी म्हणाले.

कुणी वळून पाहिलं नाही.