दुसरी सही

श्यामकांतांचा दुसऱ्या सहीवर जुना राग होता. दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी चौतीस वर्षं केली आणि त्यातली निम्मी वर्षं कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर सहीसाठी अडकलेल्या फायलींना शिव्या घालण्यात गेली. त्यांच्या बढतीची फाईलसुद्धा अशीच दोन वर्षं धूळ खात पडली होती.

आणि आज द्वारकेतल्या या हॉस्पिटलात, लेक अरुणा आत कळा सोसत असताना, तीच बया पुन्हा आडवी आली.

सकाळी दहाला ड्यूटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, प्रसूती पुढे सरकत नाहीये, सिझेरियन करून टाकू. श्यामकांतांनी लगेच मान डोलावली. पण नर्सने अडवलं. "इमर्जन्सी नहीं है, अंकल. सीनियर डॉक्टर देखेंगी, साइन करेंगी, तभी ऑपरेशन होगा."

विनाकारण होणारी सिझेरियन कमी करायची म्हणून हॉस्पिटलने दुसऱ्या सहीचा हा नियम नुकताच केला होता. आणि सीनियर डॉक्टर मीनाक्षी दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होत्या.

"माझी मुलगी काय फाईल आहे?" श्यामकांत कडाडले.

"अहो, बसा जरा," त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणाल्या. "तिला ऑपरेशन नकोच आहे. विचारलंत का तिला?"

विचारलं नव्हतं. पण बसतील तर ते श्यामकांत कसले! त्यांनी काउंटरवरून तक्रारवही मागवली आणि अर्धं पान भरून टाकलं. 'एका सहीअभावी रुग्णाची हेळसांड.' खाली तारीख, वेळ आणि स्वतःची लफ्फेदार सही.

साडेअकराला डॉक्टर मीनाक्षींनी अरुणाला तपासलं. बाळाचे ठोके उत्तम होते. पहिलटकरीण आहे, खऱ्या कळा तर आत्ता सुरू होताहेत, त्या म्हणाल्या. "घुमाइए उसको, पानी पिलाइए. अभी ऑपरेशन की कोई ज़रूरत नहीं."

आणि सही न करताच निघून गेल्या.

श्यामकांत दारापर्यंत त्यांच्यामागे गेले. काही झालं तर? दुपारभर अरुणा नवऱ्याचा, अविनाशचा, हात धरून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होती. मध्येच थांबून भिंतीला टेकायची, कण्हायची. नर्स पुन्हापुन्हा बाळाचे ठोके ऐकून जायची.

"बाबा, तुम्ही घाबरू नका यार," घामाघूम अरुणाच त्यांना म्हणाली.

चार वाजून दहा मिनिटांनी आतून ट्यांहा ऐकू आलं. नात झाली! बाळ-बाळंतीण सुखरूप, पोटाला सुरी लागलीच नाही. सुनंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. श्यामकांत मटकन खुर्चीत बसले. इतकं हलकं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ते गुपचूप काउंटरवर गेले. तक्रार मागे घ्यायची होती.

"कारण लिखना पड़ेगा, सर," क्लार्कने वही पुढे सरकवली. "और नीचे फिर से साइन."

श्यामकांतांनी पेन उघडलं, 'कारण' लिहून पुढे रेघ ओढली. तेवढ्यात अरुणा समोरून आली. अविनाशच्या खांद्यावर हात, पावलं हळू, मागे बाळाला घेतलेली नर्स.

"बाबा, इथे काय करताय? चलो ना खोलीत!"

त्यांनी लिहिलं, 'माझी लेक स्वतःच्या पायांनी चालत खोलीत गेली.'

आणि त्याखाली दुसरी सही केली.