मला ढकलत नेलं त्या दुपारी

मी मोटारसायकल बोलतेय. जरा मोठ्यानं बोलेन. हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही.

जन्म विलायतेतला, सन बेचाळीसचा. लढाई चालू होती, म्हणून अंगाला खाकी रंग फासला आणि बोटीत घालून मला इकडे पाठवलं. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर मी टपाल वाहिलं. चिखलात रुतले, दोनदा नाल्यात पडले, एकदा माझ्यावरचा स्वारच पडला आणि मी तशीच पुढे गेले. लढाई संपली तसं माझं कामही संपलं. कुर्ल्याच्या एका वखारीत, तुटक्या जीपगाड्यांच्या ढिगात मला फेकून दिलं. मालकानं पाटी लावली होती, ‘भंगार’. मला मराठी वाचता येत नव्हतं तेच बरं.

तिथून मला भिवानं उचललं. भिवा वरळीच्या बीडीडी चाळीतला. पलटणीत असताना तो गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता, म्हणून माझ्या जातीच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. पलटणीतून सुटल्यावर गिरणीत त्याला फिटरचं काम मागूनही मिळालं नाही. ‘तुमच्या लोकांना रिंग खात्यात जागा आहे,’ असं सांगितलं गेलं. तो रिंग खात्यात सूत सांभाळायचा आणि पाळी सुटली की चाळीखाली माझ्याजवळ बसायचा.

दीड वर्ष त्यानं माझा एकेक नट रॉकेलमध्ये बुडवून सोडवला. पिस्टन आवळून बसला होता, तो गोडं तेल पाजून पाजून मोकळा केला. सीटची स्प्रिंग गेलेली, तिथं गिरणीतल्या मोडक्या मशीनची बसवली. चाळीतले लोक वरून विचारायचे, “भिवा, हिचा मुडदा कधी उठणार रे?” तो वर बघायचासुद्धा नाही.

एके रविवारी मी उठले. अशी उठले की तिसऱ्या मजल्यावरची वाळत घातलेली सुकट खाली सांडली. त्यावरून भांडण झालं. भिवा भांडणातही हसत होता.

मग तो मला घेऊन गिरणीत जायला लागला. गेटवरच्या जमादारानं पहिल्याच दिवशी अडवलं. “ही जागा साहेबांच्या गाड्यांची आहे.”

“ही पण साहेबाचीच होती. आता माझी आहे,” भिवा म्हणाला आणि मला तिथंच लावलं. रोज जमादार काढायला सांगायचा, रोज भिवा तिथंच लावायचा. शेवटी जमादारच कंटाळला.

भिवाची बायको कांता. ती त्याच गिरणीत वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायची. तिचं माझ्याशी पटत नव्हतं. नवऱ्याचे सगळे रविवार मी खाल्लेले. पुढं जे झालं ते झालं नसतं, तर ती माझ्याकडं वळलीच नसती.

सन छप्पनचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. भिवानं मला करी रोडला एका गल्लीत लावलं आणि तो मोर्च्याबरोबर चालत गेला. मी घोषणा ऐकल्या. मग फटाके वाजल्यासारखे आवाज ऐकले. फटाके नव्हते ते मला लगेच कळलं, मी लढाईतली आहे. माणसं गल्लीतून धावत गेली, चपला पडल्या. भिवा आला नाही.

दोन दिवस मी तिथं उभी होते. शहरात संचारबंदी. त्या गल्लीत शेवंती नावाची एक बाई राहायची, मालवणकडची, तिचा नवरा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. कुणी मला पेटवू नये म्हणून तिनं माझ्यावर गोधडी टाकली आणि वर दोन बादल्या ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी रेशनपाणी आणायला दोन तास संचारबंदी उठली. लोक पिशव्या घेऊन धावले. कांता मात्र वरळीहून चालत माझ्याकडं आली. भिवाच्या उजव्या गुडघ्यात गोळी लागली होती, तो परळच्या इस्पितळात होता. शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं होतं, “करी रोडच्या गल्लीत गाडी आहे ना अजून?” कांतानं शेवंतीला हे सांगितलं ते रागारागानंच. माझ्यावरचा राग तो. पण गोधडी काढून तिनं हँडल धरलं.

“एकटी खंय नेतलंस ही?” शेवंती म्हणाली. “थांब गो, मी येतंय.”

माझं वजन चार मण. दोन बायका, एकीनं हँडल धरलेलं, दुसरी मागून रेटतेय. डिलाईल रोडपर्यंत ठीक चाललं. पण लोअर परळचा पूल चढताना कांताचे पाय घसरायला लागले. मी मागं यायला लागले की शेवंती चाकाखाली दगड घालायची. दोन पावलं, दगड. दोन पावलं, दगड. मी आयुष्यात इतकी कधी लाजले नव्हते. ज्यांना मी उचलून न्यावं, ती माणसं मला ढकलत होती.

पुलाच्या माथ्यावर पोलिसांची गाडी उभी होती. एक हवालदार पुढं आला. “ए बाई, गाडी किसकी है?”

“माझी.”

“तुम्हारी? चलाके दिखाओ.”

कांतानं पदरानं तोंड पुसलं. “ह्यांच्या गुडघ्यात तुमची गोळी आहे. ते बरे झाले की चालवतील. तोवर मी ढकलीन. बाजूला व्हा.”

हवालदार घड्याळाकडं बघून पुटपुटला, “बीस मिनट बाकी है,” आणि बाजूला झाला. उतारावर त्या दोघी मला धरून अक्षरशः पळाल्या. संचारबंदीचा भोंगा वाजला तेव्हा माझं पुढचं चाक चाळीच्या पायरीला लागलं होतं. शेवंतीला त्या दिवशी परत जाता आलं नाही. ती कांताकडंच जेवली आणि झोपली.

भिवा अडीच महिन्यांनी घरी आला. गुडघा वाकत नव्हता. गिरणीनं कामावरून कमी केलं. काठी टेकत तो माझ्यापाशी आला, उजवा पाय किकवर ठेवायचा प्रयत्न केला आणि खाली बसला. माझ्या जातीच्या गाड्यांची किक उजवीकडं, गिअरही उजव्या पायात.

दादरचा गंगाधर म्हणून एक जुन्या गाड्यांचा दलाल होता, तो वास काढत आलाच. “भिवा, फुकट गंजेल. इंजिन मला दे. उसाच्या गुऱ्हाळाला लावतो. निदान फिरत तरी राहील.”

मला वाटलं, संपलं. लढाई बघितलेली मी, आता ऊस पिळणार.

“किकवर पायच पडत नाही तर ठेवून काय करू?” भिवा हळूच म्हणाला.

“माझा पडतो ना?” कांता जिन्यावरून खाली येत म्हणाली. “गंगाधरभाऊ, चहा घ्या आणि जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काष्टा घट्ट केला आणि पाय मारला. मी उलटी लाथ घातली. तिच्या नडगीवर हे एवढं टेंगूळ आलं. माझा दोष नाही, मी सगळ्यांनाच घालते. भिवा बाजूला बाकड्यावर बसून सांगत होता, “ताकद नको लावू. आधी हँडलवरची ती छोटी दांडी दाब, हिचा दम, आत कोंडलेली हवा, सोडव. मग एकदम.” चौथ्या दिवशी तिनं माझा दम बरोबर सोडवला, आणि मी पहिल्या किकला बोलले. कांता घाबरून मागं सरकली, आणि मग जन्मात पहिल्यांदा माझ्या टाकीवरून हात फिरवला.

भिवानं मोडक्या मागाच्या लोखंडी सळईतून माझ्या टाकीशेजारी हाताचा गिअर बनवला. कांता किक मारायची, भिवा चालवायचा, अकडलेला पाय बाहेर काढून. चाळीखाली त्यानं दुरुस्तीचं काम सुरू केलं आणि दादर-परळहून गाड्या यायला लागल्या. घर पुन्हा उभं राहत होतं. तेवढ्यात एका पोलिसानं तो पाय बघितला आणि लायसनच्या कचेरीत पाठवलं. तिथल्या साहेबानं भिवाचं लायसन रद्द केलं.

“गाडी दुरुस्त केल्यावर चालवून बघायला नको?” भिवानं विचारलं. “आमचं पोट आहे त्यावर.”

“लंगड्या माणसाला मी रस्त्यावर सोडू शकत नाही.”

“मग मला सोडा,” कांता म्हणाली. “माझी परीक्षा घ्या.”

साहेब हसला. “लुगडं नेसून मोटारसायकल?”

“काष्ट्याचं लुगडं आहे, साहेब. पाय दोन्हीकडं पडतात.”

“महिन्यानं ये,” तो म्हणाला. ती येणार नाही अशी त्याची खात्री होती.

महिनाभर रोज पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी आम्ही वरळीच्या समुद्रावर जायचो. कोळीवाड्यातल्या बायका टोपल्या घेऊन निघालेल्या असायच्या, त्या थांबून बघायच्या. कांता तीनदा पडली. दोनदा माझ्या हँडलाला बाक आला, भिवानं सरळ केला. चाळीत कुजबूज होती. एक म्हातारी म्हणाली, “बाईच्या जातीनं असं करू नये.” कांता म्हणाली, “जातीचं मला नका सांगू. ती कशी सोडायची ते आम्ही आत्ताच शिकलोय.” नुकत्याच झालेल्या दसऱ्याला घरातले देव जाऊन तिथं बुद्धाची तसबीर आली होती.

परीक्षेला मैदानावर आठचा आकडा काढायचा होता. पहिला फेरा सुरेख झाला. दुसऱ्या फेऱ्याच्या मध्यावर मी बंद पडले. मुद्दाम नाही, शपथ घेते. प्लगवर काजळी धरली होती. साहेबानं वही मिटली. भिवा काठी टेकत पुढं यायला लागला, तशी कांता ओरडली, “तुम्ही थांबा!”

ती उतरली. कमरेच्या पिशवीतून पाना काढला, गरम प्लग पदरात धरून काढला, काचकागदानं घासला, परत लावला. हात भाजले. दांडी दाबली, दम सोडवला, एक किक. मी अशी गरजले की साहेबाची टोपी हलली असेल. तिनं उरलेला आकडा पुरा केला आणि मला बरोबर त्याच्या बुटांपुढं आणून थांबवलं.

कारकुनानं रजिस्टरात भिवाचं नाव लिहिलं. “खोडा ते,” कांता म्हणाली. “परीक्षा मी दिलीय.” त्यानं खोडलं.

तेव्हापासून कांता चालवते आणि भिवा मागं बसतो. सत्तावनच्या निवडणुकीत त्यानं माझ्या टाकीवर पांढऱ्या रंगात लिहिलं, ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. साठच्या एक मेला शिवाजी पार्कवरून परत येताना कुणीतरी म्हणालं, “भिवा, झाला की आता! पूस ते.” भिवा म्हणाला, “बेळगाव कुठं आलंय?” अक्षरं अजून आहेत. थोडी उडालीत, वाचता येतात.

मी आता धूर सोडते. पिस्टन तिसरा आहे, टायर दुसऱ्या कुणाचे, मूळचा खाकी रंग फक्त सीटखाली उरलाय. लोक कांताला सांगतात, आता नव्या, हलक्या गाड्या निघाल्यात, हिला आराम द्या. मला आराम नकोय. कुर्ल्याच्या ढिगात भरपूर झाला. दया दाखवायची असेल त्यांनी ती घरी ठेवावी. दर हजार मैलांना तेल बदला, चेन जरा आवळा, टाकी कोरडी ठेवू नका, एवढंच माझं मागणं. आणि सकाळी कांता काष्टा खोचून जिना उतरताना दिसली की वाटेतून बाजूला व्हा. मी निघतेय.