डावीकडचा मॉनिटर

दुकानदाराने संगणकाच्या उघड्या कॅबिनेटमध्ये बोटं घातली, खटका दाबला आणि जुनं ग्राफिक्स कार्ड हलक्या हाताने ओढून बाहेर काढलं. त्याच्या पंख्यावर साचलेली धूळ भसकन उडाली आणि बाबांच्या डाव्या बाहीवर बसली. बाबांनी ती झटकली नाही. शेवटी लेकीनेच पुढे होऊन बाही झटकली.

“हाच तो पठ्ठ्या,” बाबा म्हणाले. “याने छळ मांडलाय नुसता. डावीकडचा मॉनिटर मधूनच जातो. काम रंगात आलं की हमखास.”

“आणि बघायला गेलं की?” दुकानदाराने विचारलं.

“परत येतो! मान वळवून बघावं तर गडी हजर. जसं काही झालंच नाही.”

दुकानदार पोट हलवत हसला. “दवाखान्याच्या दारात पोराचं पोट दुखायचं थांबतं ना, तसलं दुखणं. असली दुखणी फार वाईट, काका. धड मरत नाहीत, धड जगू देत नाहीत.”

बाबा इमारतींचे नकाशे काढत. सगळी हयात त्यातच गेली होती. आधी कागद आणि पेन्सिल, मग संगणक. त्यांच्या टेबलावर तीन मॉनिटर शेजारी शेजारी मांडलेले असत. डावीकडे जुना नकाशा, मधल्यावर हातातलं काम, उजवीकडे मापं आणि इंजिनियरच्या सूचना. लेक त्यांच्या मागच्या टेबलावर एकाच मॉनिटरवर बसून फुटकळ दुरुस्त्या करी, पत्रव्यवहार बघी आणि तयार नकाशे पाठवून देई. बाबांचा नकाशा तपासायचा असतो हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सूर्य उगवला की नाही हे कुणी तपासतं का?

गेले काही महिने मात्र त्या डाव्या मॉनिटरने दोघांचं डोकं खाल्लं होतं. बाबांची बिघाड शोधायची रीत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली आणि बिघाड गेला, तर केबल वाईट. नाही गेला, तर केबल निर्दोष, पुढची गोष्ट धरायची. लेक कामाला लागली तेव्हा त्यांनी तिला शेजारी बसवून हे शिकवलं होतं. घाई करायची नाही, चिडायचं नाही आणि एकदम दोन गोष्टींना हात लावायचा नाही. त्याप्रमाणे त्यांनी केबल बदलून पाहिली. मग डावीकडचा मॉनिटर उजवीकडे ठेवला आणि उजवीकडचा डावीकडे. उजवीकडे नेलेला तो मॉनिटर अगदी शहाण्यासारखा वागू लागला आणि डावीकडे आलेला नवा पाहुणा जायला लागला. म्हणजे मॉनिटरही निर्दोष. उरलं कार्ड.

लेकीने स्वतः तो मॉनिटर कधी गेलेला पाहिला नव्हता. बाबांनी हाक मारली आणि ती उठून येईपर्यंत तो परत आलेला असे.

तिच्या पिशवीतला फोन वाजला. वसतिगृहाच्या बांधकामावरचा इंजिनियर होता.

“ताई, एक विचारायचं होतं. सुधारलेल्या नकाशात पश्चिमेच्या अंगाचा जिना दिसत नाहीये. आग लागली तर मुलांनी उतरायचा तो. जुन्या नकाशात होता. आता तिथे सरळ स्लॅब दाखवलाय. रद्द केलाय का?”

“रद्द?” ती बाबांकडे बघत म्हणाली. “नाही, असं कसं होईल?”

“मलाही तेच वाटलं. पण कागदावर जे आहे ते आम्ही करणार. उद्या सकाळी स्लॅब टाकतोय. तेवढं बघून सांगा लवकर.”

तिने बाबांना सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि मग ती विरली.

“झालं! जुना नकाशा डावीकडेच उघडलेला होता. तेव्हाच मेला असणार हा.” त्यांनी टेबलावरच्या कार्डाला टिचकी मारली. “बघा हो, माणसं मारायला निघालं होतं हे. आज नवीन घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही.”

लेकीलाही पटलं. दोष सापडला की बरं वाटतं, तसं तिला जरा हलकंही वाटलं.

दुकानदाराने मागच्या फळीवरून खोकी काढली. पहिलं त्याने हातात घेतलं आणि लगेच बाजूला ठेवलं. “हे गेम खेळणाऱ्यांचं. यात लाल-निळे दिवे लागतात. नकाशाला त्याचा उपयोग शून्य, वीज मात्र पितं बदाबदा. तुम्हाला हवं हे. साधं, गप्प राहणारं. चार मॉनिटर चालवतं, मेमरी भरपूर, दिवसभर राबलं तरी तापत नाही.”

“हे माझ्यासारखं,” बाबा म्हणाले.

“तुम्ही गप्प राहता?” लेक म्हणाली.

“बाईसाहेब, तापत नाही, त्याबद्दल म्हणालो मी.”

तपासणीसाठी दुकानात एक लांब टेबल होतं. त्यावर तीन मॉनिटर मांडलेले होते, तिन्ही वेगवेगळ्या बनावटीचे, एकाच्या कडेला चीर गेलेली. दुकानदाराने नवं कार्ड चढवलं आणि काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा चेंडू सोडला. चेंडू उजव्या मॉनिटरवरून सावकाश घरंगळत मधल्यावर येई, तिथून डाव्यावर जाई आणि टोकाला आपटून परत फिरे.

“तुम्ही नेहमी बसता तसे बसा, काका. समोर बघा. चेंडू दिसेनासा झाला की सांगा.”

बाबा खुर्ची ओढून बसले. चेंडू निघाला. मधल्या मॉनिटरच्या अर्ध्यावर आला.

“गेला,” बाबा म्हणाले.

लेकीने पाहिलं. चेंडू मधल्या मॉनिटरवरच होता, आता डावीकडे सरकत होता. तो डाव्या मॉनिटरवर शिरला, टोकाला आपटला, परत फिरला.

“आला,” बाबा म्हणाले. चेंडू पुन्हा मधल्या मॉनिटरच्या अर्ध्यावर पोचला होता.

“परत बघू,” दुकानदार म्हणाला. त्याचा आवाज अजून हसरा होता.

“गेला… आला. बघा, याचीही तीच तऱ्हा. नवं आहे ना नक्की?”

दुकानदाराने कार्ड बदललं. चेंडू तिथेच गेला आणि तिथेच आला. मग त्याने केबली बदलल्या. मग उठून डावा मॉनिटर उचलला, उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे आणला. आता तो विनोद करत नव्हता. चिरेचा मॉनिटर ठेवताना त्याने लेकीकडे एकदा पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

“गेला,” बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, “आला.”

कार्ड बदललं. केबल बदलली. मॉनिटर बदलले. घरचं टेबलही इथे नव्हतं. एका वेळी एक गोष्ट बदलत जायचं आणि शेवटी जी न बदललेली उरेल तिच्यावर बोट ठेवायचं. लेकीने मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून सगळं मोजून पाहिलं. एखादी गोष्ट राहून गेली असेल, तर ती तिला हवी होती.

बाबा दाराच्या चौकटीला खांदा आपटत असत आणि ती त्यांना धांदरट म्हणत असे. परवा तिने टेबलावर ठेवलेला चहा त्यांच्या हाताने लवंडला होता. चहा कुठल्या हाताला होता ते आठवायची तिला गरज पडली नाही.

ती उजवीकडच्या आपल्या जागेवरून हळूच हलली. बाबांच्या खुर्चीमागून वळसा घालून ती त्यांच्या डाव्या हाताला, टेबलाच्या कडेशी जाऊन उभी राहिली. हात लांब केला असता तर त्यांच्या कानाला लागला असता. बाबा समोर चेंडूकडे बघत होते.

“पुन्हा गेला,” ते म्हणाले आणि उजवीकडे वळले. तिथे कोणी नव्हतं. “कुठे गेली ही? आत्ता तर इथे होती.”

बाबांनी उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं.

“अगं ए, कुठे आहेस?”

“इथेच आहे, बाबा.”

आवाज इतक्या जवळून आला की ते दचकले. त्यांनी मान वळवली, बरीच वळवली, आणि ती त्यांना दिसली. ती कधीपासून तिथे उभी आहे हे त्यांनी विचारलं नाही. तिच्याकडे पाहत राहून त्यांनी हळूहळू मान पुन्हा समोर नेली. थांबले. पुन्हा तिच्याकडे वळवली. केबल खोचून, काढून, पुन्हा खोचून बघतात, तसं. दोनदा, तीनदा. मग त्यांनी एक डोळा तळहाताने झाकला आणि तसंच केलं. मग दुसरा झाकला.

काळ्या पार्श्वभूमीवर चेंडू फिरतच होता. दुकानदाराने हात पुढे करून तो थांबवला.

“काका,” तो म्हणाला, “आज नका घेऊ. कार्ड कुठे जात नाही. मी बाजूला ठेवतो. एखाद्या चांगल्या डॉक्टरला…”

“तुम्ही विकायला बसलात की सल्ले द्यायला?” बाबा म्हणाले, पण त्यात नेहमीची धार नव्हती. त्यांनी साध्या कार्डाचं खोकं जवळ ओढलं आणि त्याच्यावरून अंगठा फिरवत बसले. “हे तीन मॉनिटर नीट चालवेल?”

“चार चालवतं.”

“तीन पुरे. द्या हे. आणि जोडायला तुमचा माणूस उद्या पाठवा. माझ्या टेबलाला नाही. मागच्या टेबलाला. माझे मॉनिटर तिकडे उचलून ठेवायला सांगा.”

“बाबा,” लेक म्हणाली, “आधी डॉक्टरकडे जाऊ. इथूनच जाऊ, सरळ.”

“डॉक्टर परवाही भेटेल.”

“परवा नाही. आत्ता.”

“आणि उद्या सकाळी तो स्लॅब टाकणार, त्याचं काय?” ते उठायला लागले. डावा हात त्यांनी आधी पुढे केला आणि टेबलाची कड चाचपडत शोधली, मग तिला धरून उभे राहिले. “एकच नकाशा कशावरून? हे सुरू झाल्यापासून जे जे बाहेर गेलं, ते सगळं परत मागव. शाळेचा तो वरचा मजला, बाजाराची गच्ची, सगळं. प्रत्येकाची डावी बाजू आधी बघ. तिथे काय नाहीये ते शोध. आहे ते बरोबर असेल.”

“असेल, बाबा.”

“फोन लाव त्याला.”

तिने लावला. पलीकडे लोखंडावर घण पडल्याचा आवाज येत होता आणि इंजिनियर त्या आवाजावर ओरडून बोलत होता.

“काम थांबवा,” ती म्हणाली. “जिना आहे. नकाशात राहून गेलाय.”

“राहून गेला? बाबांच्या नकाशात?”

“हो.”

पलीकडे घण दोनदा पडला. “बरं. थांबवतो. पण गड्यांना काय सांगू? कधीपर्यंत थांबायचं?”

तिने फोनवर हात ठेवला आणि बाबांना विचारलं.

“सांग त्याला, मी सांगेपर्यंत,” बाबा म्हणाले. त्यांनी खोकं काखेत घेतलं, ते नीट बसलं का ते पाहिलं, आणि मान बरीच वळवून तिला शोधलं.

“नाही,” ते म्हणाले. “तू सांगेपर्यंत.”