मनोरमा एंड

यतीनला कोट कोणी घातला हे आधी कळलं असतं, तर सुरुची त्या दिवशी स्टुडिओत एवढी ओरडली नसती. पण ओरडली, आणि चांगली ओरडली.

रविवारी यतीनचं, तिच्या धाकट्या भावाचं, वर्षश्राद्ध होतं. म्हणून शुक्रवारी ऑफिसमधून येताना ती बेव्हर्ली पार्कच्या कोपऱ्यावर गुणवंतभाईंच्या फोटो स्टुडिओत त्याच्या फोटोची फ्रेम घ्यायला गेली. गुणवंतभाईंनी कागद सोडवला. चेहरा यतीनचाच, मतदान कार्डाच्या फोटोतला, नुकतंच पकडून आणल्यासारखा. गळ्याखाली निळा कोट, लाल टाय. मागे गुलाबी ढग.

"ये कौन है?"

"आपका भाई, बेन. कम्प्युटरपे कोट पहनाया. एकदम साहेब लागे छे."

"साहेब? अहो, शर्टाची वरची दोन बटणं त्याने जन्मात कधी लावली नाहीत, आणि तुम्ही त्याला टाय बांधता? मेल्यावर गळा आवळताय का त्याचा?"

पासपोर्ट फोटोसाठी केस विंचरत असलेली एक बाई कंगवा तसाच डोक्यात ठेवून बघत राहिली.

सुरुचीचं काय चुकलं? आपल्याकडे माणूस गेला की पहिल्यांदा त्याला धुऊन इस्त्री करतात. रोज पिणारा निर्व्यसनी होतो, भांडकुदळ मनमिळाऊ होतो. चौकातल्या फ्लेक्सवर त्याच्यापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतात, आणि त्या पुढाऱ्यांनी त्याला जिवंतपणी ओळखही दिलेली नसते. यतीनचा फ्लेक्स सुरुचीने लागू दिला नव्हता. आता भिंतीवरही कुणी परका साहेब येऊन बसणार असेल, तर खरा यतीन राहणार कुठे?

खरा यतीन आठवडाभर कुरिअर वाटायचा आणि रविवारी टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला कॉमेंट्री करायचा. अर्धी मराठी, अर्धी हिंदी, तोंडी लावायला गुजराती. "बॉल गेला थेट खाडीत, और मच्छी लोगों ने कैच छोड दिया!" पंचाने चुकीचा आऊट दिला की माईकवरून सांगायचा, "पंचांचे सासरे बॉलिंग टीममध्ये आहेत, प्रेक्षकांनी नोंद घ्यावी." दोनदा मार खाल्ला. दुसऱ्यांदा तर मार खाता खाता त्याचीही कॉमेंट्री केली. सव्विसावं लागलं आणि चार दिवसांच्या तापात गेला. चार दिवस! तेवढ्यात एक टुर्नामेंटसुद्धा संपत नाही.

"बेन," गुणवंतभाई हळूच म्हणाले, "ऑर्डर तो मम्मी ने दिया. कोट का कलर भी उन्होंने पसंद किया. बोली, शादी में यही पहनने वाला था."

सुरुचीने फ्रेम काखेत मारली आणि घरी आली.

मनोरमाबाई तांदूळ निवडत होत्या. वडील उत्तमराव नेहमीप्रमाणे पेपर वाचत होते, कुणाच्याच बाजूने नव्हते.

"आई, हा यतीन नाहीये."

"मग कोण आहे?"

"विमा विकणारा कोणीतरी आहे."

"असू दे. नवरदेव झाला असता की नाही? कोट घातला असताच की. मला बघायचा होता."

सुरुचीने पर्स उघडली. आत वर्षभर एक फोटो लपवून ठेवला होता. राई गावच्या टुर्नामेंटवाल्या नाथाने, यतीन गेल्यावर, पाठवलेला. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत २००५ सालची तारीख. यतीनच्या हातात माईक, डोळे मिटलेले, केस उभे, जबडा असा उघडा की पडजीभ मोजून घ्यावी. आईला बघवणार नाही म्हणून तिने तो दाखवला नव्हता. आता तिने तो तांदळाच्या ताटावरच ठेवला.

मनोरमाबाईंनी फोटो नाकाशी धरला. मग फोटोच्या कडेला बोट टेकवलं.

"हे माझं पातळ."

"काय?"

"ही बघ हिरवी किनार. आणि ही माझी चप्पल."

"आई, तू राईला काय करत होतीस?"

"त्याला मारायला गेले होते! गॅसचा नंबर लावायला पाठवला, तर हा राईला. तीन आठवडे स्टोव्हवर जेवण केलं मी. चप्पल काढली ती हातातच, तशीच मैदानात शिरले. तर याने माईक घेतलान आणि काय म्हणाला माहितीये? 'प्रेक्षकहो, पलीकडच्या टोकाकडून येतायत मनोरमाबाई! लांब रनअप, हातात नवी चप्पल, आणि नेम आजवर एकदाही चुकलेला नाही!' सगळं राई गाव उभं राहून टाळ्या वाजवतंय."

"मग मारलंस?"

"कसली मारतेय? खुर्ची दिली त्यांनी, सरबत दिलं. संध्याकाळपर्यंत मॅच बघितली मी. तेव्हापासून त्या टोकाला मनोरमा एंड म्हणतात."

"आणि मला कधी बोलली नाहीस?"

"काय सांगू? मार चुकवलान म्हणून?" असं म्हणत त्या हसायला लागल्या. तांदूळ सांडले. वर्षभरात पहिल्यांदा उत्तमरावांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "सरबत कसलं होतं?"

"कोकमाचं. पांचट."

रविवारी भिंतीवर माईकवाला यतीन मोठा होऊन लागला. गुणवंतभाईंनी एकदाच विचारलं होतं, "कोट डालूं?" आणि सुरुचीचा चेहरा बघून शब्द मागे घेतला होता. कोटातला नवरदेव मनोरमाबाईंनी कपाटाच्या दाराला आतून लावला. "तो माझा," म्हणाल्या. "तो मी बघेन."

उत्तमरावांचे धाकटे भाऊ दाजीकाका आले आणि भिंतीकडे बघून थबकले. "वहिनी, अहो दात दिसतायत. घसा दिसतोय. श्राद्धाच्या घरी हे बरं दिसतं का?"

"मग डोळे मिटून नमस्कार करा, भावोजी."

नाथा राईहून आला. खिशातून टेनिसचा बॉल काढून त्याने फोटोखाली ठेवला. "काकू, तुमचा एंड हाय अजून. कोनी न्हाय बदलला."

सुरुची स्टुलावर चढून हार घालत होती. झेंडूचा जाडजूड हार यतीनच्या हनुवटीवर आला, मग ओठांवर.

"खाली घे गं जरा," मनोरमाबाई खालून म्हणाल्या.

तिने दोन बोटं खाली घेतला.

"अजून घे. तोंडावर येतोय त्याच्या. बोलू दे त्याला."