पंगतीत वाढलेली मंदा

नारायण पेठेत दिगंबरपंतांचं बोर्डिंग होतं. वर राहायच्या खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि पंगतीची पडवी. राहायला कॉलेजची मुलं आणि एकटे कारकून. पंत बिनलग्नाचे आणि तोंडाने फटकळ. भाजीला कोणी नावं ठेवली की म्हणायचे, "आपल्या मातोश्रींना पत्र टाका, त्या पाठवतील."

१९५४ साली शरच्चंद्र परचुरे दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन दारात उभे राहिले. औषध कंपनीची फिरतीची नोकरी. बायको टायफॉईडने गेलेली.

"हे पुरुषांचं बोर्डिंग आहे, पाळणाघर नव्हे," पंत म्हणाले. मग पोरीकडे बघून म्हणाले, "आज राहा. उद्या बघू."

तो उद्या सात वर्षं उजाडला नाही. शरच्चंद्र बहुतेक दिवस बाहेरगावीच. मंदाला वाढवलं पंतांनी. वेणी घालायला ते पोळ्या लाटणाऱ्या मथुराबाईंकडून शिकले, तरी एक वेणी वर आणि एक खाली व्हायचीच. शाळेत पालक म्हणून तेच जात. "आपण मुलीचे कोण?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा पंत म्हणाले, "तिला जेवायला घालतो."

मंदा नऊ वर्षांची झाली तेव्हा शरच्चंद्रांना सोलापुरात एका जागची नोकरी मिळाली. त्यांनी दुसरं लग्न केलं आणि ते मुलीला न्यायला आले.

"पंत, तुमचे उपकार..."

"उपकार राहू द्या. तिला दुधात साय चालत नाही, तेवढं घरी सांगा."

टांगा निघाला तेव्हा पंत आत निघून गेले. त्या दिवशी कोणीतरी पोळी कच्ची आहे म्हणालं, तर पंतांनी निमूटपणे दुसरी वाढली.

पावसाळा सरता सरता एका दुपारी एक तिशीची बाई एकटीच आली. हातात पिशवी, प्रवासाने चेहरा उतरलेला.

"मी आनंदी परचुरे. सोलापूरहून आले."

"बसा वहिनी. मंदा बरी आहे ना?"

"आजारी नाही. पण जेवत नाही हो. हट्ट नाही, रडणं नाही. दोन घास खाते आणि भूक नाही म्हणते. पार वाळलीये. हे म्हणतात, होईल सवय. मला काही राहवेना." तिने पिशवी खाली ठेवली. "तुम्ही म्हणाल तर तिला इथे आणून सोडते. मला वाईट वाटणार नाही."

वाटणार होतं, ते स्वच्छ दिसत होतं. 'आणा' हा शब्द पंतांच्या ओठांवर आला होता. तो एक शब्द म्हणायला मिळेल, या आशेवरच तर ते एवढे दिवस जगत होते. पण इतक्या पुरुषांच्या राबत्यात मुलगी मोठी कशी होणार, हा घोर त्यांना कधीपासून होताच. आणि पोरीच्या दोन घासांसाठी नवऱ्याला न जुमानता इतक्या लांब आलेली ही बाई त्यांच्यासमोर बसली होती.

"तिला कधी वाढता?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्या आधी. लहान आहे म्हणून."

"इथे ती आधी कधीच जेवली नाही. पंगतीत मीठ-लिंबू वाढायची, कोणाला काय हवं ते ओरडून सांगायची, आणि सगळे उठले की माझ्याबरोबर बसायची. तिला वाढू द्या. मग दोघी एकत्र बसा. एकटीपुढे ताट ठेवू नका."

"एवढंच?"

"मला तरी एवढंच सुचतंय. नाही जमलं तर मी येतो. आता हातपाय धुवा, पान घेतो."

आनंदी गेल्यावर पंत बराच वेळ पडवीत बसून राहिले. मथुराबाईंनी विचारलं, "आणते म्हणत होती ना ती? मग?"

"तिच्याकडेच राहील पोर," पंत म्हणाले आणि डोळे पुसले.

दिवाळीत बोर्डिंग मथुराबाईंवर सोपवून पंत सोलापूरला गेले. परकर सावरत मंदा वाढत होती. गाल भरले होते. "आई, काकांना भात दे," ती आतल्या बाजूला बघून ओरडली. आई हा शब्द ऐकून पंतांचा घास हातातच राहिला. आनंदी भात घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यांनी ताट पुढे केलं.

पुढच्या मे महिन्यात दोघी मायलेकी पुण्याला राहायला आल्या. पंतांनी आपली खोली त्यांना दिली आणि महिनाभर पडवीत झोपले.