तांड्यावरचं पाणी

बंजारा तांड्याचा चढ चढता चढता कमलबाईला वाटलं, बास झालं आता. आठवड्यातली ही चौथी खेप. आशाताई म्हणून मिरवायचं आणि हाडांची काडं करून घ्यायची, दुसरं काय!

पण न जाऊन भागणार होतं थोडंच? शीतलला आठवा महिना, पाय सुजलेले, बीपी तर ऐकूनच काळजात धस्स व्हावं असं. आज सेनगावच्या दवाखान्यात नेलं नाही, तर पोरगी आणि पोटातलं लेकरू दोघंही हातची जायची. आणि सासू रुख्मिणीबाई एक नंबरची हट्टी. तिन्ही खेपांना तिचं एकच उत्तर, "बघू."

म्हातारी अंगणातच होती. कमलबाईला बघून आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली.

"न्हाई याडी, नगं. तकलीफ कशाला?" त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, एवढं कमलबाईनं चार वर्षांत शिकून घेतलं होतं. "गाडी बोलावलीय. पोरीला तयार करा."

"बघू."

आता मात्र कमलबाईचं डोकं सणकलं. "काय बघू बघू लावलंय! पोरगी मरून राहिली अन् तुमी बघून राहिल्या! माझं ऐकत काहून न्हाई?"

रुख्मिणीबाईनं तांब्या दणकन खाली ठेवला. "चार वर्षं झाली, आमच्या घरी घोटभर पाणी पेली न्हाईस. च्या न्हाई, भाकर न्हाई. आमचा इटाळ व्हतो व्हय तुला? जिला आमचं पाणी चालत न्हाई, तिच्या हाती सून देऊ?"

कमलबाई मटकन ओट्यावर बसली. हसावं की रडावं तिला कळेना. इटाळ! आणि तो तिनं पाळायचा?

"याडी, मी बौद्धाची हाय," ती म्हणाली. तिचा आवाज पार थकला होता. "लहानपणी मायसंगं मजुरीला जायची, तवा वरून वंजळीत पाणी वतायचे. आशा झाले, तरी एका घरी येगळा कप काढला. पिऊन झाल्यावर तो मलाच धुवाया लावला. तवापासून कुणाच्याच घरी काही घेत न्हाई. लोकांनी हात मागं घ्यायच्या आधी मीच घेते. तुमाला हलकं समजून न्हाई गं."

म्हातारी तिच्याशेजारी ओट्यावर टेकली. "ऊस तोडाया जायचो, तवा आमालाबी वरूनच वतायचे," ती म्हणाली.

कमलबाईनं तांब्या उचलला आणि घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं. रुख्मिणीबाईनं आत हाक मारली, "शीतल, पिशवी भर. ताईसंगं जायचंय."

गाडी निघाली. शीतल आडवी पडली होती, दोघी तिच्या उशाला बसल्या होत्या. तांड्याचा चढ उतरून गाडी सेनगावच्या रस्त्याला लागली.

"परसाली हिचं पयलं लेकरू घरातच गेलं," रुख्मिणीबाई हळूच म्हणाली. "तवाबी तू न्यायाला आली व्हतीस. मी या पाण्यापायीच पाठवलं न्हाई."

कमलबाईला ते लेकरू आठवत होतं. का पाठवलं नाही, ते आज कळलं. परसाली एक घोट पाणी प्यायला आपल्याला काय झालं होतं, हे तिचं तिलाच सांगता येईना.