शेवटी ‘स्टर’ असलेले शब्द

चारुशीला मोहरील ज्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, ते कॉलेज त्यांना दर एप्रिलात कमी करी आणि जुलैत पुन्हा घेई. मध्ये खंड पडला की कुणाला कायम करावं लागत नाही. १९७४ साली कायम जागा निघाली, तेव्हा बाईंनी अर्ज केला.

मुलाखतीला संस्थेचे अध्यक्ष महादेवराव होते. खाप्याकडे त्यांच्या संत्र्याच्या बागा. इंग्रजी त्यांना फारसं येत नसे, पण ऐकायला आवडे. त्यांनी अभ्यासाचा विषय विचारला. बाईंनी शेवटी ‘स्टर’ असलेले जुने शब्द सांगितले. वेबस्टर म्हणजे विणणारी, ब्रूस्टर म्हणजे बिअर करणारी, स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी. हे ‘स्टर’ मुळात बायकांच्या धंद्यांना लागायचं. पुढे ते धंदे पुरुषांनी घेतले आणि शब्दही त्यांच्याकडे गेले. बायकांकडे एकटी स्पिन्स्टर उरली, तिचा अर्थ झाला बिनलग्नाची.

चहा निवला तरी मंडळी ऐकत होती.

“अन् तुम्ही काहून नाही केलं लगन, बाई?” महादेवरावांनी विचारलं.

वडील लवकर गेले, भावांची शिक्षणं होती, असं बाईंनी सांगितलं.

“म्हंजे सूत कातूनच राहिल्या तुम्ही.”

सगळे हसले. बाईही हसल्या. त्यांना जागा हवी होती.

जागा महादेवरावांच्या जावयाला, शरच्चंद्रला मिळाली. प्राचार्यांनी बाईंना बोलावून समजावलं, की त्याला संसार आहे, तुमचं एकटीचं भागेल. तासांवर शिकवायला घेऊ. किती तास, ते वाङ्मय मंडळाच्या उद्‌घाटनानंतर बघू.

बाई एकट्या नव्हत्या, घरात आई होती. शिकलेले भाऊ भिलाईला होते आणि दिवाळीला येत.

उद्‌घाटनाचं व्याख्यान शरच्चंद्र देणार होता. आधी तो बाईंच्या घरी आला.

“मामाजींना तुमचे ते शब्द फार आवडले, मॅडम. त्यावरच बोला म्हणाले. जरा सांगता का?”

आईनं, कांताबाईंनी, त्याच्यापुढे पोहे ठेवले. बाई सांगत गेल्या, तो उतरवून घेत गेला. वेबस्टर त्यानं चुकीचा लिहिला, तो बाईंनी दुरुस्त केला.

व्याख्यान चांगलं झालं. आभार बाईंकडे होते. त्या कॉलेजात आभाराला बाईमाणूसच उभं करत. त्यांनी क्रमानं नावं घेतली: अध्यक्ष, प्राचार्य, विद्वान वक्ते, मग लाउडस्पीकरवाला आणि सतरंज्या घालणारे शिपाई.

व्यासपीठावरून उतरताना महादेवराव थांबले. “ऐकलं ना, बाई? काय अभ्यास आहे पोराचा!”

“हो,” बाई म्हणाल्या. “ऐकलं.”

आभार मानणाऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर वेळापत्रक लागलं, त्यात मात्र बाईंचं नाव होतं. बाकीची नावं टाइप केलेली होती. त्यांचं पेन्सिलीनं लिहिलं होतं.